आतल्या गोटातला माणूस: भाऊसाहेबांच्या तोतयापासून अंतराळातल्या ‘गुप्त’ मोहिमांपर्यंत

१/ कर्जत सोडून गाडी बोरघाट चढू लागली की पळसदरी आणि जांब्रुंगनंतर ठाकुरवाडी येते. डोंगराच्या कुशीतले हे लहानसे ठाणे बहुतेक प्रवाशांना खिडकीतून पाटीपुरतेच दिसते. ठाकर समाजाच्या वस्तीवरून हेच नाव मिळालेल्या आणखीही वाड्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आहेत. पावसाळा सरला की अशा वाड्यांवरून रात्रीचे आकाश शहरापेक्षा पुष्कळ स्वच्छ दिसते. त्यात सरकणारे दिवेही दिसतात. बहुतेक उपग्रहांचे असतात, काही विमानांचे. एखादा मात्र ओळखू येत नाही, आणि मग दोन प्रश्न उभे राहतात: ते काय होते, आणि ज्यांना ठाऊक आहे ते का सांगत नाहीत? हा धागा दुसऱ्या प्रश्नाचा.

२/ या प्रश्नाला अलीकडच्या काळात सर्वांत मोठे व्यासपीठ मिळाले ते २६ जुलै २०२३ रोजी. अमेरिकी हवाई दलाचे माजी गुप्तवार्ता अधिकारी डेव्हिड ग्रुश यांनी अमेरिकी संसदेच्या एका उपसमितीपुढे शपथेवर साक्ष दिली. कोसळलेली परकी याने मिळवून त्यांची उलटी उकल करण्याचा कार्यक्रम अनेक दशके गुप्तपणे चालू आहे आणि काही ठिकाणी मानवेतर जैविक अवशेषही मिळाले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र ही याने त्यांनी स्वतः पाहिलेली नव्हती. चार वर्षांत चाळीसहून अधिक जणांशी बोलून आपण या निष्कर्षावर आलो, असे त्यांनी सांगितले.

३/ अशा दाव्यांची परंपरा जुनी आहे. १९८९ मध्ये बॉब लझार यांनी लास व्हेगासच्या एका दूरचित्रवाहिनीवर सांगितले की, ‘एरिया ५१’ जवळच्या एका तळावर आपण परग्रहावरच्या यानांवर काम केले. डिसेंबर २०२० मध्ये हाइम एशेद यांनी एका इस्रायली वृत्तपत्राला मुलाखत दिली आणि परग्रहवासीयांच्या एका ‘आकाशगंगीय महासंघा’शी अमेरिकेचा व इस्रायलचा संपर्क असल्याचे सांगितले. एशेद हे इस्रायलच्या संरक्षण खात्याच्या अंतराळ विभागाचे सुमारे तीस वर्षे प्रमुख होते. पद खरे, अनुभव खरा. दाव्यासोबत पुरावा मात्र एकही नव्हता.

४/ या तिघांचे म्हणणे ऐकताना श्रोता नकळत एकच गोष्ट तोलत असतो: सांगणारा किती आतला आहे? हुद्दा मोठा, म्हणजे दावा भारी. ही तागडीच सदोष आहे, आणि मराठी इतिहासाच्या वाचकाला ते ठाऊक असायला हवे. कारण ‘आतल्या गोटातला’ असण्याचा याहून कितीतरी मोठा दावा अडीचशे वर्षांपूर्वी याच बोरघाटावर चालून आला होता.

५/ १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. काही वर्षांत उत्तरेकडून आलेला एक कनोजा ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणू लागला. थोरल्या माधवरावांच्या काळात चौकशी होऊन तो तोतया ठरला आणि कैदेत गेला. पण १७७६ मध्ये रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला बाहेर काढले आणि त्याची बाजू घेतली. पाहता पाहता कोकणातले बहुतेक किल्ले त्याच्याकडे गेले. तोफांचा मारा असतानाही त्याच्या फौजेने बोरघाट चढून काढला आणि ती राजमाचीच्या परिसरात पोहोचली. तेथे पेशव्यांच्या सरदारांनी तिचा मोड केला. पुढे आंग्र्यांनी त्याला पकडले आणि १७७६ सरण्यापूर्वी पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकर यांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाचा विषय हाच.

६/ इतक्या लोकांनी त्याच्यावर विश्वास का ठेवला? ते मूर्ख नव्हते. पानिपताचा घाव प्रत्येक घरात होता. भाऊंच्या मृत्यूबद्दल शंका होत्या आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य कधी स्वीकारलेच नाही. शिवाय १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यानंतर पुण्याचा कारभार डळमळीत झाला होता. ज्यांना त्या कारभाऱ्यांचा राग होता, त्यांच्या दृष्टीने भाऊ जिवंत असणे सोयीचे होते. दुःख आणि सोय एकत्र आली की दाव्याला पुराव्याची गरज उरत नाही. ज्यांना आपल्या सरकारने सतत फसवले असे वाटते, त्यांना आज ‘लपवलेले सत्य’ पटते, ते पुष्कळसे याच रीतीने.

७/ पुण्याने पाहिले ते वेगळेच. माणूस किती ठामपणे बोलतो, याला महत्त्व नव्हते. खऱ्या भाऊंना जवळून ओळखणारे त्याला ओळखतात का, आणि भाऊंनाच ठाऊक असतील अशा गोष्टी तो सांगू शकतो का, हे पाहिले गेले. म्हणजे दाव्याची कसोटी दावेदाराच्या बाहेर होती. ‘बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर’ ही म्हण यापेक्षा वेगळे काय सांगते?

८/ पुढे हीच शिस्त मराठी इतिहासलेखनाने अंगी बाणवली. वि. का. राजवाडे १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करू लागले, त्यामागची धारणा स्पष्ट होती: घटनेच्या वेळचे अस्सल पत्र आणि नंतर रचलेली बखर यांचे वजन सारखे नसते. बखरकार दरबारातला असेल, प्रामाणिकही असेल. तरीही त्याचे प्रत्येक विधान पत्रांवर घासून पाहावे लागते. ग्रुश यांची साक्ष या मोजमापात बखरीच्या जागी बसते. ती शपथेवर दिलेली आहे, गंभीर आहे आणि ऐकीव आहे.

९/ येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. सरकारे खोटे बोलतात. १९४७ मध्ये रॉझवेलजवळ अवशेष सापडले, तेव्हा लष्कराने आधी ‘उडती तबकडी’ म्हटले आणि लगेच ‘हवामानाचा फुगा’ असे सांगून विषय मिटवला. सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेणाऱ्या ‘मोगल’ या गुप्त प्रकल्पाचे ते फुगे होते, हे अमेरिकी हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितले. म्हणजे लपवाछपवी झाली होती. मात्र जे लपवले होते ते याच पृथ्वीवरचे होते.

१०/ खरी गुप्त लष्करी अंतराळ मोहीम कशी दिसते, याचेही उदाहरण आहे. अमेरिकेने ‘डिस्कव्हरर’ या शास्त्रीय नावाच्या आडून ‘कोरोना’ हे हेरउपग्रह सोडले. उपग्रहाने टिपलेली फिल्म एका कुपीतून खाली यायची आणि हवेतच विमान तिची हवाई छत्री पकडायचे. १९६० मध्ये पहिले यश मिळाले, १९७२ मध्ये मोहीम संपली आणि १९९५ मध्ये ती जाहीर झाली. हे उपग्रह चालवणाऱ्या संस्थेचे अस्तित्वसुद्धा १९९२ पर्यंत अधिकृतपणे मान्य नव्हते. तेव्हा अंतराळातले मोठे गुपित तीस वर्षे राखता येते, यात शंका नाही.

११/ पण गुपित राखले म्हणून मागमूस पुसला गेला का? नाही. १९६४ मध्ये कोरोनाची एक कुपी भरकटून व्हेनेझुएलात पडली आणि ती शेतमजुरांना सापडली. रॉकेट उडताना लोकांनी पाहिले, कारखान्यांनी भाग बनवले, पैसा खर्च झाला. पडदा उघडल्यावर आठ लाखांहून अधिक छायाचित्रे बाहेर आली. आज पुरातत्त्वज्ञ त्यांत बुजलेले कालवे आणि नांगरटीखाली गेलेल्या वसाहती शोधतात. खरे गुपित उघडले की त्यातून वस्तू बाहेर पडतात. ‘परग्रही यानां’चे गुपित मात्र कितीदाही उघडले तरी त्यातून आणखी एक माणूस आणि आणखी एक मुलाखतच बाहेर येते.

१२/ असाच एक अनुभव महाराष्ट्राच्या गाठी आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. राज्याच्या मोठ्या भागात लोकांनी आकाशात जळत सरकणारी रांग पाहिली. उल्का, क्षेपणास्त्र, परग्रहवासी असे सगळे अंदाज त्याच रात्री बांधून झाले. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले होते. परिसरात धातूचा गोळाही सापडला. इस्रोच्या लोकांनी अवशेष तपासले. उपग्रहांच्या कक्षांचा हिशेब ठेवणाऱ्यांनी वेळ आणि मार्ग जुळवला, आणि तो चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा टप्पा असावा, हा निष्कर्ष निघाला. आतल्या गोटातल्या कोणाची गरज पडली नाही.

१३/ ग्रुश यांच्या दाव्यांचे पुढे काय झाले? मार्च २०२४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या संबंधित कार्यालयाने १९४५ पासूनच्या तपासांचा आढावा प्रसिद्ध केला. परग्रही तंत्रज्ञानाचा पुरावा आढळला नाही, असे त्यात म्हटले होते. काही साक्षीदारांनी खऱ्या गुप्त प्रकल्पांनाच परग्रही समजले होते, आणि बऱ्याच कथा एकाच वर्तुळातल्या माणसांनी एकमेकांच्या हवाल्याने फिरवलेल्या होत्या. ‘आरोपीनेच स्वतःची चौकशी केली’ असे यावर म्हणता येते, आणि त्यात तथ्यही आहे. म्हणून तो अहवाल अंतिम शब्द मानू नये. पण चाळीस साक्षीदार एकाच झऱ्याचे पाणी प्यायलेले असतील, तर ते चाळीस ठरत नाहीत, हा मुद्दा अहवाल कोणी लिहिला यावर अवलंबून नाही. एका बखरीवरून उतरवलेल्या चार बखरी म्हणजे चार पुरावे नव्हेत.

१४/ लझार यांच्या बाबतीतही हेच. ज्या दोन नामांकित संस्थांतल्या पदव्या त्यांनी सांगितल्या, तेथे त्यांची नोंद मिळाली नाही. ‘नोंदी पुसून टाकल्या,’ हे त्यावरचे उत्तर. आता पाहा: नोंद सापडली असती तर दावा खरा ठरला असता, आणि सापडली नाही म्हणून तो अधिकच खरा ठरतो! जो दावा कोणत्याही शोधाने खोटा ठरू शकत नाही, त्याच्या बाजूने एखादा शोध मांडण्याचा हक्कही त्याला उरत नाही.

१५/ आता घरचे उदाहरण, आणि येथे मन कठोर करावे लागते. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ हे विमान उडवले, ते १५०० फूट चढले, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड यांनी ते पाहिले, ‘केसरी’ने बातमी दिली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. त्यावर २०१५ मध्ये ‘हवाईजादा’ हा चित्रपट आला, आणि त्याच वर्षी मुंबईतल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर व्याख्यानही झाले.

१६/ तळपदे काल्पनिक नव्हते. जे. जे. कलाशाळेशी संबंध असलेला, संस्कृत ग्रंथांत रमणारा आणि खरोखर यंत्र बांधू पाहणारा हा माणूस होता. वेदाभ्यासक पं. सातवळेकर हे त्यांना जवळून ओळखणारे. विमान काही मिनिटे तरंगले, असे सांगणारी साक्ष त्यांच्या नावे दिली जाते. हीसुद्धा ‘आतल्या माणसाची’ साक्ष आहे आणि ती बाजूला टाकता येत नाही. पण १५०० फूट आणि चौपाटीवरची गर्दी तिच्यात बसत नाही. बातमीचा हवाला देणारे अंकाची तारीख आणि मूळ मजकूर सहसा समोर ठेवत नाहीत.

१७/ त्या काळची मुंबई कशी होती? ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. एका खोलीतला तो खेळ, एक रुपया प्रवेशमूल्य. त्याची जाहिरात ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आजही वाचता येते. ज्या शहराने त्या खेळाची नोंद ठेवली, त्याच शहराने आदल्या वर्षी हजारोंसमोर उडालेले जगातले पहिले विमान नोंदवू नये? राइट बंधू गुप्ततेच्या बाबतीत पक्के होते. तरी १७ डिसेंबर १९०३ चे छायाचित्र आहे, तार आहे, रोजनिशी आहे आणि पाच बघ्यांची नावे आहेत.

१८/ ज्या ‘वैमानिक शास्त्रा’वरून हे विमान बनले असे म्हणतात, त्याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ मध्ये केला. हा ग्रंथ १९०४ पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत, असे त्यांनी दाखवले. १९०४ नंतरच्या ग्रंथावरून १८९५ मध्ये विमान बांधता येत नाही. तळपदे यांचा खरा सन्मान त्यांच्या धडपडीची कागदपत्रे शोधण्यात आहे. न झालेल्या उड्डाणाचा पुतळा उभारून ती धडपडच झाकली जाते.

१९/ मग ज्याला कागद नाही ते सारे खोटे? येथेच तरुण अभ्यासकाने सर्वांत सावध राहावे. पुन्हा बोरघाटात येऊ. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर, खोपोलीच्या वर, शिंग्रोबाचे देऊळ आहे. या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितले म्हणून त्याला गोळी घालण्यात आली, अशी कथा आहे. सांगणारे कधी १८३० मध्ये खुल्या झालेल्या रस्त्याचे नाव घेतात, कधी १८६३ च्या रेल्वेचे. कथेचा आधार लोकस्मृतीचा आहे. मग ती आणि ‘गुप्त अंतराळ ताफा’ एकाच पारड्यात टाकायचे का?

२०/ नाही, कारण दोन्हीकडच्या मौनाचे वजन वेगळे आहे. घाटरेल्वेच्या दप्तराने पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल नोंदवले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारल्यावर त्यांच्या पत्नी अॅलिस यांनी काम पुढे नेले, हे नोंदवले. १८६७ मध्ये घाटातला एक पूल कोसळला, तेही नोंदवले. पण बोगदे फोडणाऱ्या हजारो मजुरांपैकी कितींची नावे उरली? पटकीने आणि अपघातांनी मेलेले बहुतेक निनावीच गेले. ज्या दप्तराने हजारोंना नावे दिली नाहीत, त्यात एका धनगराचा खून सापडला नाही तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. गुराख्यांच्या पायवाटांवरूनच साहेबाला घाट कळला असणार, हे संभवनीय आहे. गोळीची गोष्ट सिद्ध झालेली नाही. एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

२१/ उलट हजारो माणसे, अब्जावधी डॉलर, कारखाने, इंधन, उड्डाणे आणि अपघात एवढा पसारा असलेली मोहीम साऱ्या जगाच्या दुर्बिणींखाली अनेक दशके चालली आणि तिचा एक खिळाही हाती लागला नाही, तर ते मौन फार बोलके आहे. म्हणून दाव्यापुढे पहिला प्रश्न हा ठेवावा: हे खरे असते, तर कोणता माग, कुठे, कोणाकडे उरला असता? चौपाटीवरच्या गर्दीचा माग वृत्तपत्रांत उरायला हवा होता. शिंग्रोबाचा माग उरण्याची मुळात शक्यताच कमी होती. अवकाशात दुसरीकडे जीवसृष्टी आहे का, हा खरा आणि मोकळा प्रश्न आहे. ‘आमच्याकडे ती दडवलेली आहे’ हा मात्र पुरावा मागण्याजोगा आरोप आहे.

२२/ शेवटी एका तारखेची गोष्ट. वॉशिंग्टनमध्ये ती साक्ष झाली, त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तीही ठाकरांचीच वाडी. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. गडाच्या वाटा, पाण्याच्या जागा, दगडांची नावे, आजा-पणजाने सांगितलेल्या घाटाच्या गोष्टी असे त्या माणसांना जे ठाऊक होते, ते बहुतांशी त्यांच्याबरोबर गेले. ते कोणी दडवून ठेवलेले नव्हते. विचारायला कोणी गेले नव्हते.

२३/ काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ही गत आहे. ज्यांना आतल्या गोटातली माहिती हवी आहे, त्यांनी एखाद्या रविवारी कर्जतची गाडी धरावी आणि कोणत्याही ठाकुरवाडीतल्या म्हाताऱ्या माणसासमोर बसावे. विचारावे, ऐकावे, लिहून घ्यावे: सांगणाऱ्याचे नाव, वय, तारीख, त्याने स्वतः पाहिलेले कोणते, ऐकलेले कोणते, आणि कोणाकडून. मग तेच शेजारच्या वाडीत स्वतंत्रपणे विचारावे. ग्रुश यांच्या चाळीस साक्षीदारांबद्दल जगाला हवे असलेले आणि अजून न मिळालेले टिपण नेमके हेच आहे. इथे ते अजून मिळू शकते.